आप्पांना पाला गोड लागेना

"काकू, आजही ताटलीला शिवले नाहीत हो आप्पा!"

"काय वाढलं होतंस?"

"बोक चॉय. बारीक चिरून. वर थोडा किसलेला भोपळा."

"मग?"

"मग काय! ताटलीत चढले, सगळं पायाखाली तुडवलं, एक डोळा माझ्यावर रोखला आणि परत दगडावर जाऊन बसले. वर दाढी काळी केली ती वेगळीच."

"म्हणजे रागावले."

"हो ना. आता सांगा, रागवायचं मी की त्यांनी?"

आधीच एक खुलासा करून टाकते. आप्पा म्हणजे शेजारच्या वृंदाचे सासरे नव्हेत. तिचे सासरे नाशिकला सुखात आहेत आणि कारल्यासकट सगळं खातात. पण परवा चैत्रातल्या हळदीकुंकवात पन्ह्याचे पेले फिरत असताना वृंदा मला म्हणाली, "आप्पांना आता आठवड्यातून दोनदाच झुरळं द्यायची, बाकीचे दिवस नुसता पाला." हे वाक्य शेजारच्या खुर्चीतल्या बाईंच्या कानावर पडलं. संध्याकाळपर्यंत ते पॉइंट कुक ओलांडून टार्निटला पोचलं होतं. मेलबर्नच्या या पश्चिम भागात मराठी घरं भरपूर, आणि बातमीला ट्रॅफिक लागत नाही.

तर आप्पा हा सरडा आहे. पुस्तकात बिअर्डेड ड्रॅगन, इथल्या पोरांच्या तोंडी 'बिअर्डी'. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, रेताड मुलखातला. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास अर्धा मीटर लांब, रंग वाळक्या मातीचा, दोन्ही कुशींना काटे आणि गळ्याखाली काटेरी दाढी. चिडला की ती फुगवतो आणि काळीकुट्ट करतो. व्हिक्टोरियात तो पाळायचा तर सरकारी लायसन लागतं, रानातला उचलून घरी आणता येत नाही. वृंदाच्या मुलानं, ईशाननं, हट्ट करकरून बोटभर पिल्लू आणवलं आणि त्या दाढीकडे पाहून 'आप्पा' हे नाव ठेवलं. तेव्हापासून त्या घरात सरड्याला अहो-जाहो चालतं.

मी मूळची साताऱ्याची. मुलाकडे आले की आमच्या आणि वृंदाच्या परसातलं लाकडी कुंपण हाच माझा कट्टा. कुंपण पुरुषभर उंच, म्हणून तुळशीच्या कुंडीशेजारी एक पालथी बादली कायमची ठेवली आहे. बादलीवर उभं राहिलं की वृंदाचं अख्खं परसू दिसतं, आणि ऊन असेल त्या दिवशी जाळीच्या पिंजऱ्यात बसलेले आप्पाही. ईशान सांगतो की रानातले बिअर्डी रस्त्याकडेच्या कुंपणांच्या खांबांवर चढून तासन् तास बसतात, ऊनही मिळतं आणि येणारं-जाणारंही दिसतं. हे ऐकल्यापासून माझं आणि आप्पांचं जमलं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र मी "अगं बाई, घोरपड!" म्हणून ओरडले होते. घोरपडीचं कूळ निराळं. आप्पांचं नातं आपल्या बागेतल्या, डोकं खाली-वर करणाऱ्या सरड्याशी, एकाच कुळातले हे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या खाली निळ्या-केशरी गळ्याचे सरडे असतात ना, तेही याच गोतावळ्यातले. त्या पठारावरचं संशोधन 2018 साली छापून आलं होतं. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले, पण सरडे वाढल्यावर त्यांच्या अंगावरचं मांस घटलं. मी हे वृंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्या साताऱ्याच्या सरड्यांना खायला कमी पडतंय आणि आमच्याला पुढ्यात आणून देऊन नकोय."

"लहानपणी खायचा का गं पाला?"

"छे! पण तेव्हा चालायचं ते. पिल्लाला वाढायला प्रथिनं लागतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा किडे. बारके रातकिडे, बारकी झुरळं."

झुरळं म्हटल्यावर तोंड वाकडं करू नका. ही स्वयंपाकघरातली नव्हेत. प्राण्यांच्या दुकानात डबीत मिळतात, खास वाढवलेली, त्यांना इथे 'वूडी' म्हणतात. वृंदा माहेरची कट्टर शाकाहारी, अंड्याचा केकसुद्धा विचारून खाणारी, आणि तिच्या गॅरेजमध्ये झुरळांची डबी आणि फ्रिजच्या दारात अळ्यांची. आईची माया म्हणजे काय ते बघायचं असेल तर फ्रिज उघडून बघा.

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले, वर्ष-दीड वर्षाचा झाला की हिशेब उलटा होतो. पिल्लाच्या पोटात तीन वाटे किडे आणि एक वाटा पाला. मोठा झाला की तीन वाटे पाला आणि एक वाटा किडे. मोठ्या सरड्याला रोज किडे दिले तर लिव्हरवर चरबी चढते. रानात तो मोकळा फिरतो, इथे पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"हे आप्पांना कुणी सांगितलं का?"

"तीच तर अडचण आहे."

आता कुंपणावरचा तपास सुरू झाला. माझा एक नियम आहे. घरातलं कुणी जेवत नसेल तर आधी चुलीकडे बघावं, मग जेवणाऱ्याकडे. इथे चूल म्हणजे दिवा. सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेरून घ्यावी लागते, आणि अंग तापल्याशिवाय पोट काम करत नाही. आप्पांच्या पेटीत एका टोकाला दिव्याखाली दगड आहे. तिथे 38 ते 42 अंश सेल्सियस हवेत. दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास, म्हणजे उकडलं की सावलीला जाता आलं पाहिजे.

"मोजलंस का?"

"काचेला तो गोल काटा चिकटवलाय ना."

"तो काचेचं तापमान सांगतो. दगडाचं कोण सांगणार?"

वृंदानं ईशानकडून बंदुकीसारखा धरायचा तो थर्मामीटर आणवला आणि दगडावर रोखला. चाळीस. दिवा निर्दोष सुटला. मग दुसरी नळी, अतिनील किरणांची. ती दिसायला साधी ट्यूबलाइट, पण तिच्यातल्या यूव्हीबी किरणांशिवाय अंगात डी जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. खिडकीतल्या उन्हावर भागत नाही, कारण काच हे किरण अडवते. गंमत म्हणजे नळी डोळ्यांना लख्ख दिसत राहते आणि आतले किरण संपून गेलेले असतात. म्हणून सहा महिने ते वर्षभरात ती बदलायची असते. वृंदानं नळीच्या टोकाला मार्करनं तारीख लिहून ठेवली होती. पोरगी शिस्तीची आहे. नळीही सुटली.

"मग थंडीचं असेल. एप्रिल लागला, तुमच्याकडे आता हिवाळा येणार."

"ते पण विचारलं. थंडीत हे लोक सुस्तावतात, आठवडेच्या आठवडे झोपून काढतात, तेव्हा खात नाहीत. पण मग ते किडे पण सोडतात, काकू. आमचे आप्पा अळी दिसली की पेटीच्या या टोकाहून त्या टोकाला धावतात!"

हे महत्त्वाचं होतं. भूक मेलेला प्राणी आणि निवड करणारा प्राणी यांत फरक असतो. किडे, पाला दोन्ही सोडलं, डोळे खोल गेले, जबडा मऊ लागायला लागला, पाय थरथरले, शी झाली नाही, तर तो आजार, आणि त्याला डॉक्टरच हवा. हाडं ठिसूळ होण्याचा रोग या प्राण्यांत फार. पोटात जंत झाले तरी खाणं तुटतं, कात टाकताना तर दोन दिवस कुणाशी बोलावंसंही वाटत नाही. आप्पांना यातलं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी तपासून तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं.

"काकू, एक शंका. आप्पा आप्पाच आहेत ना? आक्का नसतील?"

ही शंका उगीच आली नव्हती. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक गोरं कुटुंब आहे. त्यांच्या बिअर्डीचं नाव ब्रूस. एके दिवशी ब्रूसनं खाणं सोडलं, पेटीतली माती उकरायला लागला आणि चार दिवसांनी ब्रूसला वीसेक अंडी झाली. घरात दुसरा सरडा नाही. पण मादी एकटी असली तरी रिकामी, फळ न धरलेली अंडी घालू शकते. त्या घरचे आजोबा अजूनही "ही इज अ गुड बॉय" म्हणतात. वर गोंधळात भर म्हणजे यांच्यात अंड्यांना ऊब किती मिळाली यावरही ठरतं. 32 अंशांच्या वर उबवली तर जनुकांनी नर असलेलं पिल्लूसुद्धा मादी होऊन बाहेर येतं. रानातल्या बिअर्डींमध्येही असं झालेलं आढळलं, हे 2015 साली 'नेचर'मध्ये छापून आलं, कॅनबेरा विद्यापीठातल्या लोकांचं काम. आप्पांच्या शेपटीच्या बुडाशी बघून डॉक्टरांनी नर असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा कुठे वृंदाचा जीव खाली पडला. नाहीतर नाव बदलायचं म्हणजे पुन्हा लायसनच्या वहीत खाडाखोड.

मग राहिली ताटली. मी म्हटलं, "रोज काय काय घालतेस ते सांग."

"पहिल्यांदा पालक घालत होते. आपल्याकडे पौष्टिक म्हणजे पालक!"

"पालकात आपल्या अळवाचाच दोष. ऑक्झलेट. आपण अळवाला चिंच लावतो, शिजवतो. आप्पांना कोण चिंच लावून देणार?"

हे ऑक्झलेट पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि हाडांपर्यंत जाऊ देत नाही. सरड्याला आधीच कॅल्शियमची ओढ. जेवणात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम असावं असं डॉक्टर सांगतात, म्हणून किड्यांवरही पांढरी पावडर भुरभुरतात. तेव्हा पालक, माठ, इथे सिल्व्हरबीट म्हणून मिळतो तो जाड देठांचा पाला, हे कधीतरीच. लेट्यूस देऊन पोट भरतं, पण त्यात पाण्याशिवाय फारसं काही नाही. अवोकाडो तर विषच, एक तुकडाही नाही. रुबार्ब नाही, कांदा-लसूणही नाही.

"मग काय घालू?"

"बोक चॉय बरोबर आहे. मोहरीचा पाला घाल. एंडाइव्ह, रॉकेट मिळतं ना तुमच्या बाजारात? केल थोडा. बटरनट भोपळा कच्चाच किसून. ढोबळी मिरची लाल आणि पिवळी. जास्वंदाचं फूल घाल, पाकळ्याही खातात, पानंही. आणि एवढं हिरवळीवर डँडेलियन माजलंय, ते फुकटचं."

डँडेलियन म्हणजे पिवळ्या फुलाचं तण, इथल्या लॉनवाल्यांचा शत्रू आणि बिअर्डीवाल्यांचं सोनं. वृंदानं लगेच वाकून मूठभर पिवळी फुलं खुडली आणि मला दाखवली. मी बादलीवरूनच ओरडले, "टाक ती! ती आंबुशी आहे."

आंबुशी आपल्याकडेही कुंड्यांत उगवते, तीन-तीन हृदयाकार पानं, चव आंबट. इथली जात मोठी आहे, पावसाळी थंडी लागली की मैदानंच्या मैदानं पिवळी करते. आंबट लागते म्हणजेच ऑक्झलेट ठासून भरलेलं. डँडेलियनची पानं करवतीसारख्या दातऱ्यांची, देठ पोकळ, तोडला की पांढरा चीक येतो, फुलाला पाकळ्या शेकड्यानं. आंबुशीला मोजून पाच. एवढं पाहिलं तरी चूक होत नाही. आणि रस्त्यालगतच्या हिरव्या पट्ट्यातलं, ज्याला इथे नेचर स्ट्रिप म्हणतात, तिथलं काहीच तोडायचं नाही. तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं, आणि कुत्र्यांनी काय केलेलं असतं ते मी सांगायला नको.

माझा पुण्यातला भाचा यात हुशारी करायला आला. त्याच्याकडे हिरवा इग्वाना आहे. फोनवर म्हणाला, "मावशी, माझा तर पाल्याशिवाय काही खात नाही, तुमच्या आप्पांना शिस्त नाही." मी म्हटलं, बाबा रे, तुझा इग्वाना जन्माचाच शाकाहारी. त्याला किडे घातलेस तर त्याची मूत्रपिंडं बिघडतील. आप्पा मिश्राहारी. एकाचा डबा दुसऱ्याला चालत नाही. आणि तू त्याची नोंदणी केलीस का ते आधी सांग. 2024 च्या नियमांपासून अशा परदेशी प्राण्यांची नोंद भारतात 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते, आणि इग्वाना त्या यादीत येतो. त्यावर त्याला अचानक दुसरा फोन आला.

ताटली सुधारली. रंग आले, चव आली. आप्पा तरी ढिम्म. आठवडा असाच गेला आणि वृंदाचा चेहरा आप्पांहून उतरला.

तेव्हा मी विचारलं, "वजन करतेस का त्यांचं?"

"दर रविवारी. स्वयंपाकघरातला काटा त्यांच्यासाठी वेगळा काढलाय." हे तिनं जरा जोर देऊन सांगितलं, कारण मी तिच्याकडे पुरणपोळी खाल्लेली आहे.

"काय दाखवतो?"

"वाढतंय. मागच्या महिन्यापेक्षा वीस-बावीस ग्रॅम जास्तच."

मी बादलीवर जरा स्थिर उभी राहिले. "वृंदा, पाला खात नाहीत. किडे आठवड्यातून दोनदा, तेही मोजून. मग वजन कशानं वाढतंय?"

वृंदानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मग दोघींनीही तिच्या घराच्या मागच्या खोलीकडे पाहिलं, जिथे रोहन, तिचा नवरा, घरून काम करतो. आप्पांची पेटीही त्याच खोलीत असते.

चौकशी पाच मिनिटांत संपली. रोहननं आधी "मी कशाला देईन?" म्हटलं, मग "एखादी देतो कधीतरी" म्हटलं, आणि वृंदानं फ्रिजच्या दारातली अळ्यांची डबी उघडून समोर धरल्यावर "अगं, मीटिंगमध्ये असलो की ते काचेला नाक लावून माझ्याकडे बघतात" असं त्यानं कबूल केलं. दुपारी तीनची मीटिंग लांबली की आप्पांना अळी. तीही चरबीनं भरलेली, चवीला बहुतेक फार चांगली. आप्पांना हिशेब पक्का कळला होता. सकाळची ताटली नाकारायची, दुपारपर्यंत कळ काढायची, मग काचेला नाक लावायचं.

मला हसू आवरेना, कारण हे नाटक मी माझ्या घरात पाहिलेलं आहे. आमचे हे तरुणपणी दुधीला हात लावत नसत. दुधीचा दिवस असला की पानावरून उठायचे, आणि मी काळजीनं निम्मी व्हायचे. माणूस उपाशी कामाला जातो म्हणून. सासूबाई मात्र अगदी निवांत. पुढे कळलं, दुधीच्या दिवशी त्या माजघरातून हळूच दोन बेसनाचे लाडू सरकवत. सासूबाई पंढरपूरला गेल्या त्या पंधरवड्यात ह्यांनी दुधीची भाजी, दुधीचा हलवा, दुधीचे मुठिये, सगळं खाल्लं आणि वर विचारलं, "आज पुन्हा दुधी का नाही केलास?"

वृंदानं ही गोष्ट रोहनला शब्दशः ऐकवली. त्यानंतर त्या घरात नवे नियम लागू झाले, आणि हे नियम मी इथे लिहिते, कारण टार्निटहून आता फोन यायला लागलेत. तिथेही दोन घरांत बिअर्डी आहेत म्हणे, आणि हळदीकुंकवातल्या त्या बाईंच्या भाचीकडेच एक.

सकाळी दिवा लागल्यावर तासभर आप्पांना तापू द्यायचं. अंग गरम झालं की मगच ताटली. थंड अंगाच्या सरड्यापुढे पंचपक्वान्नं ठेवली तरी तो बघणार नाही. पहिलं जेवण पाल्याचंच, भूक असते तेव्हा. तुकडे बारीक, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नाहीत. पानं धुऊन ओलीच वाढायची, म्हणजे पोटात पाणीही जातं, या वाळवंटी लोकांना वाटीतलं साठलेलं पाणी अनेकदा ओळखूच येत नाही.

हलतं ते अन्न, असं त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. मग पाला हलवायचा. चिमट्यात डँडेलियनचं पान धरून नाकासमोर जरा थरथरवायचं. नाहीतर पेटीच्या भिंतीला पान अडकवून टांगायचं. पहिले काही दिवस पाल्यात दोन-तीन बारक्या अळ्या सोडायच्या. वळवळणाऱ्या अळीवर झडप घालताना तोंडात पानही येतं, आणि आलं की बहुतेक वेळा गिळलं जातं. मग अळ्या कमी करत न्यायच्या. वर लाल किंवा पिवळं काहीतरी घालायचं, ढोबळी मिरची, जास्वंदाची पाकळी, भोपळा. त्यांना रंग आपल्यापेक्षाही जास्त दिसतात. फळ म्हणजे चिमूटभर, सणावारी, कारण गोडाची सवय लागली की पाल्याची खोड पुन्हा सुरू.

दुपारी न खाल्लेली ताटली काढून घ्यायची, दुसऱ्या दिवशी ताजी. किडे आठवड्यातून दोनदा, पाला पोटात गेल्यावर, आणि एकाच माणसाच्या हातून. अळ्यांच्या डबीला वृंदानं आता कुलूपवाला डबा आणलाय, किल्ली ईशानकडे. घरातला सगळ्यात लहान माणूस सगळ्यात कडक निघाला.

आणि दर रविवारी वजन. तब्येत चांगली असलेला मोठा सरडा दोन-चार दिवस रुसून राहिला तर त्याला काही होत नाही, अंगावर साठा असतो. पण पिल्लाशी हा हट्ट धरायचा नाही. त्याला वाढीसाठी किडे लागतातच, त्याला उपाशी ठेवणं म्हणजे शिस्त नव्हे. वजन घसरायला लागलं तर मोठ्या सरड्याशीही हट्ट सोडायचा आणि डॉक्टर गाठायचा.

आप्पांनी सुरुवातीला सगळे डाव टाकले. ताटली उलथली. काळी दाढी दाखवली. काचेला नाक लावून बसले. रोहननं मीटिंगमध्ये खुर्ची उलटी फिरवून घेतली. मग एका सकाळी वृंदा कुंपणाशी आली ती नाचतच. "काकू, फूल खाल्लं! डँडेलियनचं फूल, अख्खं, एका घासात!"

"आणि पान?"

"पान उद्या खातील."

दुसऱ्या दिवशी नाही खाल्लं, पण पुढच्या आठवड्यात बोक चॉय संपायला लागला, मग मोहरीचा पाला. केल मात्र अजून तुडवतात. मी वृंदाला म्हटलं, केल राहू दे. मलाही तो आवडत नाही.

आता टार्निटवाल्यांसाठी आणि इतर सगळ्यांसाठी एवढंच. तुमचा सरडा भाजी खात नसेल तर आधी दिवा मोजा, नळीची तारीख बघा, काट्यावर त्याचं वजन करा. हे तिन्ही ठीक असेल आणि तरी तो पाल्याला नाक मुरडत असेल, तर घरात कोण त्याला मागच्या दारानं अळ्या देतंय ते शोधा. बहुतेक घरांत तो माणूस सापडतो, आणि तो माणूस वाईट नसतो, नुसता त्या नजरेला बळी पडलेला असतो. त्याला ओरडू नका, चिमटा त्याच्या हातात द्या आणि पान भरवायला बसवा. जबडा मऊ लागला, पाय थरथरले किंवा वजन उतरायला लागलं, तर मात्र थेट सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. कुंपणावरच्या काकूंचा सल्ला भाजीपुरता आहे, औषधापुरता नाही.